बिनविरोध पराभव

मी एका माणसाला निवडणुकीत पाडलं. त्याच्याविरुद्ध कोणीही उभं नव्हतं.

माझ्या नावावर मूर्खपणाचे इतरही प्रकार आहेत. कोबेला पोस्टडॉक म्हणून रुजू झालो त्याच महिन्यात शेजारच्या टेबलावरच्या मुलीने जिवापाड जपलेलं यीस्ट मी कचरा समजून फेकून दिलं. प्राध्यापकांनी पहिल्यांदा जेवायला नेलं तेव्हा हात पुसायला दिलेल्या गरम रुमालाने मी तोंड पुसलं, मान पुसली, चष्मा पुसला आणि तो घडी करून खिशात ठेवला. पण या सगळ्याला जपानात उतारा आहे. केकचा डबा न्यायचा, कमरेत वाकायचं, समोरचाही वाकतो, प्रकरण मिटतं. या एका प्रकरणात मी डबाही नेला आणि वाकलोही. मिटलं नाही.

ते गृहस्थ स्कॉटलंडचे माजी खासदार होते. नाव सांगत नाही, तिकडच्या त्यांच्या विरोधकांच्या हाती आयतं कोलीत नको. लंडनच्या संसदेत ते बरीच वर्षं बसले, मग हरले, आणि हरल्यावर बायकोच्या माहेरी येऊन राहिले. घरजावई म्हटलं तरी चालेल. मी एकदा तो शब्द अर्थासकट त्यांना समजावून सांगितला तर ते खूश झाले. म्हणाले, "आजवर भूषवलेल्या पदांमध्ये हे सगळ्यात सुरक्षित आहे."

त्यांचं येणंही जगाच्या उलट होतं. तोहोकूचा मोठा भूकंप झाला, पाठोपाठ अणुभट्टीच्या बातम्या आल्या आणि परदेशी माणसं मिळेल त्या विमानाने जपानबाहेर पडायला लागली, त्या दिवसांत हे आत आले. त्यांच्या पत्नी केइको-सान ('सान' म्हणजे आपलं 'जी') मूळच्या कोबेच्या. आई इथे एकटी, म्हातारी, आणि हलायला तयार नाही. म्हणून लेक आली, लेकीमागोमाग जावई. "विमानात माझ्या रांगेत दुसरं कोणीच नव्हतं," ते सांगायचे. "इतकी वर्षं राजकारण केलं, पण इतका स्पष्ट इशारा मला मतदारांनीसुद्धा कधी दिला नव्हता. तरी आलो."

आम्ही, म्हणजे मी आणि माझी बायको मेधा, त्यानंतरच्या वर्षी त्याच गल्लीत राहायला आलो. कोबेला एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला समुद्र. पत्ता सांगताना लोक उत्तर-दक्षिण म्हणत नाहीत, डोंगराकडे आणि समुद्राकडे म्हणतात. आमची गल्ली इतकी डोंगराकडे होती की दूध आणायला गेलं तर परत येईपर्यंत त्याचं लोणी व्हावं. घर लावून झालं नव्हतं, खोकी तशीच पडली होती, आणि दारावर टकटक झाली. बेल असताना टकटक. मेधाने दार उघडलं तर दारात कोणीच नाही. लांब, पायऱ्यांच्या खाली, एक उंच गोरा म्हातारा हॅट हातात घेऊन उभा.

"मी मागे सरकून उभा आहे," तो इंग्रजीत ओरडून म्हणाला, "म्हणजे मी तुम्हाला पुरता दिसेन. आवडलो नाही तर दार लावून घेता येईल."

"काय विकताय?" मेधाने विचारलं.

"काही नाही. दारं ठोठवायची सवय आहे, ती गेली नाही. काही तक्रार आहे का?"

"आहे ना. तुमच्या गल्लीचा हा चढ."

"त्याबाबत मला काहीही करता येणार नाही," तो गंभीरपणे म्हणाला, "पण तुमच्या भावना पोचल्या." आणि जाताना फाटक नीट कडी घालून लावून गेला.

त्या दिवसापासून आमच्या घरात त्यांचं नाव 'खासदार'. गल्लीत त्यांना 'सेन्सेई' म्हणत. जपानात शिक्षक, डॉक्टर, वकील आणि राजकारणी या चारही जमातींना सेन्सेईच म्हणतात. खासदार शेजारच्या दोन-तीन काकूंना इंग्रजी शिकवायचे, त्यामुळे हाक शिक्षकाला आली की खासदाराला हे कळायला मार्ग नव्हता, आणि त्यांना ते कळून घ्यायचंही नव्हतं. इंग्रजीत 'तू' आणि 'तुम्ही' एकच, पण मला ते 'तू' म्हणायचे आणि मेधाला 'तुम्ही', हे नुसत्या स्वरावरून समजायचं.

फाटकाचं त्यांना वेड होतं. "फाटक उघडं टाकून गेलेला उमेदवार तेवढंच घर गमावत नाही, ज्या घरात त्या घरचा कुत्रा शिरतो ते घरही गमावतो." त्यांची असली वचनं ढिगाने होती. "लहान मुलाचं कौतुक कर, पण उचलून घेऊ नकोस, रडलं की आईचं मत गेलं." "बैठकीत असा प्रश्न कधी विचारू नये, ज्याचं उत्तर आपल्याला आधी माहीत नाही." हे शेवटचं वचन मी त्याच वेळी भिंतीवर लिहून ठेवायला हवं होतं.

त्यांचा खरा दरबार भरायचा कचऱ्यापाशी. आमच्याकडे ठरलेल्या वारी, ठरलेल्या पिशवीत, ठरलेल्या कोपऱ्यावर सकाळी कचरा ठेवावा लागे आणि वर जाळी ओढावी लागे, कावळ्यांसाठी. डोंगरातून रानडुकरं उतरत, त्यांना जाळीचं काहीच वाटत नसे. खासदार सूट-टाय घालून जाळीचं टोक धरून उभे. "अख्ख्या मतदारसंघाला घराबाहेर यायला लावणारी दुसरी कुठली सोय आहे, सांग? मी तीस मैल गाडी हाकत फिरायचो. इथे मतदार पिशवी घेऊन स्वतः येतो." एकदा खरंच एक रानडुक्कर आलं. बाकीचे पळाले. खासदारांनी हॅट उचलून त्याला अभिवादन केलं. डुकराने त्यांच्याकडे पाहिलं, प्लॅस्टिकची एक पिशवी घेतली आणि शांतपणे डोंगराकडे निघून गेलं. "हा दुसऱ्या पक्षाचा," खासदार म्हणाले, "पण वागायला सभ्य."

कोणाची मुलगी कॉलेजच्या प्रवेशपरीक्षेत अडकली आहे, कोणाचा कुत्रा लंगडतोय, कोणाचा मुलगा ओसाकाहून रविवारी येतो म्हणून सांगतो आणि येत नाही, हे सगळं त्यांना पाठ. आणि हे सगळं कुठल्या भाषेत कळायचं, देव जाणे. त्यांचं जपानी आगगाडीतल्या सूचनांसारखं होतं. सुबक, पाठ केलेलं, आणि समोरच्याने उलट प्रश्न विचारला की संपणारं. तरी ते विचारायचे, "पाय?" आणि कुत्र्याची मालकीण दहा मिनिटं बोलायची. ते योग्य ठिकाणी 'हाय', म्हणजे 'हो', म्हणायचे आणि चेहरा पाहून सगळं समजून घ्यायचे.

त्यांच्या दिवाणखान्यात पंतप्रधानांबरोबरचा फोटो असेल म्हणून मी पहिल्या भेटीत भिंती न्याहाळल्या. फोटो एकच होता. धो-धो पाऊस, ओसाड माळ, आणि माळावर काचेचा एक बसथांबा. आत कोणीही नाही.

"हे काय?" मी विचारलं.

"माझं संसदीय कार्य," खासदार म्हणाले. "युद्धावर बोललो, कोळशावर बोललो, समुद्रातल्या माशांवर तर फारच बोललो. त्यातलं काहीच उरलं नाही. हा थांबा मात्र उभा आहे. आधी तिथे बायका पावसात भिजत उभ्या राहायच्या."

"आता बस जाते ना तिथून?"

"नाही. बस बंद केली. पण थांबा उत्तम आहे."

ते हरले कसे, हे त्यांनी एकदाच सांगितलं, आमच्याकडे पोहे खाताना. मतदारसंघातलं एक लहान हॉस्पिटल बंद करायचा निर्णय त्यांच्याच पक्षाने घेतला. खासदारांनी पक्षाच्या बाजूने मत दिलं आणि मग दारोदार जाऊन का दिलं ते समजावून सांगितलं. "त्या लोकांनी मला चहा पाजला, सगळं ऐकून घेतलं, पावसात जाऊ नका म्हणून छत्री दिली आणि पाडलं. मला पाडणाऱ्या बहुतेक सगळ्यांची नावं मला येत होती. अनोळखी माणसांनी पाडलं तर इतकं लागत नाही."

निकाल जाहीर होताना तिकडे सगळे उमेदवार मंचावर ओळीने उभे राहतात. हरलेल्याने भाषण करायचं असतं, हसतमुखाने, आणि सगळ्यात आधी पोलिसांचे आणि मतं मोजणाऱ्यांचे आभार मानायचे असतात. खासदारांनी पोलिसांचे मानले, मोजणाऱ्यांचे मानले, शाळेच्या शिपायाचे मानले, जिंकलेल्या बाईंचं अभिनंदन केलं आणि खाली उतरले. केइको-सान गाडीत जाऊन बसल्या होत्या. इतकी वर्षं पत्रकं वाटत, प्रत्येक बैठकीला सँडविच करत, थंडीत दारोदार फिरलेली बाई. तिचंच नाव राहिलं होतं.

"ती काही बोलली?" मेधाने विचारलं.

"हीटर लावू का, असं म्हणाली." मग बशीतले शेंगदाणे निवडत म्हणाले, "तेच तर. त्याला उत्तर काय द्यायचं ते मला अजून सुचलेलं नाही."

आता त्या निवडणुकीकडे येतो. आणखी टाळण्यात अर्थ नाही.

आमच्या गल्लीची एक जिचिकाई होती. आपल्याकडच्या सोसायटीची कमिटी समजा, फक्त एका इमारतीची नाही, सगळ्या गल्लीची. कचऱ्याची जाळी, रस्त्यावरचे दिवे, उन्हाळ्यातली जत्रा आणि भूकंपाची कवायत हे तिचं काम. हे शेवटचं काम दिखाऊ नव्हतं. कोबेला स्वतःचा भूकंप होऊन गेलेला. त्या पहाटे या गल्लीतली घरं बसली तेव्हा बाहेरची मदत यायच्या आत शेजाऱ्यांनीच माणसं उकरून काढली, कारण कुठली आजी घराच्या कुठल्या कोपऱ्यात झोपते हे शेजाऱ्यांना माहीत होतं. नंतर नवी घरं झाली, नवी माणसं आली, दारं बंद झाली आणि कोण कुठे झोपतं हे कोणालाच माहीत राहिलं नाही. तोहोकूचं झाल्यावर सगळ्यांना त्याची पुन्हा आठवण झाली.

ही हकिगत खासदारांना सांगितली जिचिकाईचे अध्यक्ष मोरिता-सान यांनी. मी दुभाषा होतो. मोरिता-सान बंदरात क्रेन चालवून निवृत्त झालेले, अबोल गृहस्थ. कुठलीही गोष्ट सरळ बोलायची त्यांना शपथ होती. पाऊस पडतोय हे सांगायचं असेल तर ते म्हणत, आज छत्री असती तर बरं, असं काहींना वाटत असेल. खासदारांनी ती हकिगत शेवटपर्यंत ऐकून घेतली. मग मला म्हणाले, "आयुष्यभर मी दारं ठोठावली, ती मतांसाठी. दारामागे कोण कुठे झोपतं हे मला माहीत असायचं, आणि त्याचा उपयोग काय केला? पत्रक कुठल्या खिडकीला लावायचं, एवढाच."

त्यानंतर त्यांचं दार ठोठवणं बदललं. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांकडे ते मुद्दाम जायचे. इंटरकॉमवर उत्तर न देणाऱ्या बायका त्यांना आत बोलवायच्या, चहा द्यायच्या आणि ओघात झोपायची खोली कुठली तेही सांगायच्या. कवायतीच्या दिवशी मोरिता-साननी एकेका घराकडे बोट दाखवलं आणि खासदार सांगत गेले: वरचा मजला, समुद्राकडची खोली. तळमजला, जिन्याखाली. मोरिता-सानची मान हळूहळू हलत होती. मला तेव्हा वाटलं, डुलकी लागली असावी. ते ठरवत होते.

मोरिता-सानची नजर अधू झाली होती, त्यांना पद सोडायचं होतं. वसंतातल्या एका रविवारी दुपारी समाजमंदिरात वार्षिक सभा भरली. सतरंजीवर सगळे मोजे सावरत बसलेले, प्रत्येकासमोर चहाची बाटली. मी जपानीची परीक्षा नुकतीच पास झालो होतो आणि ते प्रमाणपत्र मी मनाने छातीवर लावूनच फिरत होतो. खासदारांच्या शेजारी मी दुभाषा.

"नवीन अध्यक्षांबद्दल…" मोरिता-सान म्हणाले, आणि शांतता पसरली. सगळे आपापल्या बाटलीवरचा मजकूर वाचू लागले. ही शांतता मला ओळखीची होती. आमच्या बिबवेवाडीच्या सोसायटीत हुबेहूब अशाच शांततेत माझ्या बाबांचा बळी गेला होता. ते "नको, नको" म्हणत असताना लोकांनी त्यांना सेक्रेटरी केलं, आणि पुढे कित्येक वर्षं पाण्याच्या टाकीची गळती आणि जोशीकाकांच्या पार्किंगचं भांडण यांत त्यांना ब्लडप्रेशर जडलं. बाबांचं ते "नको" कोणी ऐकलं नाही हे शल्य माझ्या मनात होतं.

"सेन्सेईंना त्रास देणं बरं दिसत नाही," मोरिता-सान म्हणाले, "पण त्यांनी विचार केला तर काहींना आनंद होईल."

खासदार ताठ बसले. मग वाकून पाठ केलेल्या जपानीत म्हणाले, "छे, छे. मी परका. माझी भाषा कच्ची. माझ्याहून लायक माणसं इथे आहेत."

"तसं कसं," एक काकू म्हणाल्या, "सेन्सेईंना सगळी गल्ली माहीत आहे."

"खरंच, आपण लायक ठरवावं इतका मी मोठा नाही," खासदार पुन्हा वाकले.

मी त्यांच्याकडे पाहिलं. कपाळावर घाम होता, हात मांडीवर घट्ट. मला त्यांच्या जागी बाबा दिसले. आणि मी उठलो.

असं जपानी मी त्याआधी कधी बोललो नव्हतो, नंतरही नाही. क्रियापदं आपापल्या जागी जाऊन बसत होती. मी म्हणालो, सेन्सेई संकोचामुळे पूर्ण सांगत नाहीत. त्यांचे गुडघे दुखतात. सासूबाई आजारी असतात. त्यांची भाषा खरोखरच कच्ची आहे, मी दुभाषा असल्यामुळे मला चांगलं माहीत आहे. ते नाही म्हणताहेत तर त्यांच्या नाही म्हणण्याचा मान ठेवू या. आमच्या देशात आम्ही वडीलधाऱ्यांना विश्रांती देतो. हे साफ खोटं होतं. आमच्या देशात आम्ही वडीलधाऱ्यांना सोसायटीचं सेक्रेटरी करतो. पण ओघात ते फार शोभलं. शेवटी मी इतका वाकलो की चष्मा सतरंजीवर पडला.

"आ… असं आहे होय," सगळे म्हणाले. मोरिता-साननी आपल्या बाटलीचं झाकण घट्ट लावलं. मग सर्दीमुळे न आलेल्या इशिदा-सान नावाच्या गृहस्थांची एकमताने निवड झाली. जो येत नाही तो निवडून येतो, एवढी एक गोष्ट बिबवेवाडीत आणि कोबेत अगदी सारखी आहे.

खासदार उठले. प्रत्येकाशी हात मिळवला, चहा ओतणाऱ्या बाईंचे आभार मानले. उतारावरून परतताना त्यांनी विचारलं, "तू बरंच बोललास. मला फक्त 'गुडघे' कळलं."

मी सगळं भाषण वाक्यावाक्याने भाषांतर करून ऐकवलं, हातवाऱ्यांसकट. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. सगळं झाल्यावर म्हणाले, "उत्तम भाषण. माझ्या एकाही विरोधकाला इतकं चांगलं जमलं नव्हतं."

"तयारी नव्हती," मी लाजून म्हणालो. "आतून आलं."

त्यांनी आपलं फाटक उघडलं आणि मागे न पाहता आत गेले. फाटक उघडंच राहिलं. मीच मागे जाऊन लावलं आणि शीळ घालत घरी आलो.

घरात तुपाचा वास दरवळत होता. मेधाने मोठं पातेलं भरून शिरा केला होता, केळं घालून.

"अरे वा! माझ्या भाषणाची बातमी पोचली वाटतं," मी म्हणालो.

"कसलं भाषण? झाले ना ते अध्यक्ष? केइको-सान येतायत शिरा न्यायला. आधीच सांगून ठेवलाय त्यांनी."

"अध्यक्ष? ते नको म्हणत होते. दोनदा म्हणाले. मी वाचवलं त्यांना."

मेधाने गॅस बंद केला. "दोनदा ना? तिसऱ्यांदा विचारल्यावर ते हो म्हणणार होते. केइको-साननी त्यांना शिकवलं होतं, इथे दोनदा नाही म्हणायचं, तिसऱ्यांदा मान खाली घालायची. आठवडाभर सराव चालला होता. अरे, तुला कळलं कसं नाही? तुझ्या आत्याकडे श्रीखंड नको, नको म्हणतोस तू. तेव्हा तिने वाटी उचलून आत नेली तर?"

जपानात हे जपान्यांपेक्षाही ज्याला आधी कळायला हवं असा सभेत एकच माणूस होता. आग्रहाच्या पंगतीत वाढलेला. तोच उठून वाढप्याला घालवून आला.

"मला आधी सांगायचंस ना," मी म्हणालो.

"केइको-सानच नको म्हणाल्या. तुमच्या नवऱ्याच्या चेहऱ्यावर सगळं दिसतं, म्हणाल्या."

शिरा न्यायला कोणी आलं नाही. आम्ही तो खात राहिलो. संपता संपेना.

आभाराचं भाषणही तयार होतं, हे केइको-साननी नंतर केव्हातरी मेधाला सांगितलं. खासदार न्हाणीघरात गरम पाण्यात बसून त्याची घोकंपट्टी करायचे, दार बंद करून. त्यांना वाटायचं बाहेर ऐकू जात नाही. भाषण लहान होतं आणि पोलिसांचे आभार त्यात नव्हते. पहिलं वाक्य केइको-सानबद्दल होतं. "उच्चार फार वाईट होते," केइको-सान म्हणाल्या, "पण मी दुरुस्त केले नाहीत. केले असते तर मला ऐकू येतं हे त्यांना कळलं असतं."

दुसऱ्या दिवशी मी केकचा डबा घेऊन गेलो, वाकलो आणि म्हणालो, मी आत्ता जातो मोरिता-सानकडे, सगळं समजावून सांगतो.

"अजिबात नाही," खासदार म्हणाले. त्यांचा तसला आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. बहुधा संसदेतला असावा. "मोजणी झाली, निकाल लागला. फेरमोजणी मागायची तर तिथेच, सभागृहात मागायची. बाहेर पडल्यावर मागतो तो रडका." मग डबा उघडून पाहिला. "चॉकलेटचा आहे. बस. फाटक लावलंस ना?"

पुन्हा विचारायचं तर अध्यक्षपदाची मुदत दोन वर्षांची. आणि घरच्यासारख्या माणसाने भरसभेत प्रकृतीचं कारण सांगितल्यावर पुन्हा विषय काढणं इथे असभ्यपणा मानतात. खासदार कचऱ्यापाशी उभे राहत होतेच, पण आता टाय नसायचा. दारं ठोठवणं कमी झालं. "अध्यक्ष इशिदा आहेत," ते म्हणत, "दुसऱ्याच्या मतदारसंघात फिरू नये."

त्याच्या पुढच्या वर्षी, सप्टेंबरात, स्कॉटलंडने वेगळं व्हावं की नाही यावर तिकडे मतदान होतं. मत फक्त तिथे राहणाऱ्यांना. साऱ्या जन्मात ज्यांनी एकही मतदान चुकवलं नव्हतं त्यांना या मतदानात मत नव्हतं. तुम्ही कुठल्या बाजूचे, मी विचारलं. "मत नाही तर नाही," ते म्हणाले, "निदान गुप्त ठेवायचा हक्क तरी राहू दे." त्या दिवशी त्यांनी टाय लावला. मी प्रयोगशाळेत निघालो होतो तेव्हा ते प्राथमिक शाळेच्या फाटकाशी उभे दिसले. निवडणूक असली की आमच्याकडचं मतदान त्याच शाळेत व्हायचं. त्या दिवशी आत मुलं क्रीडामहोत्सवासाठी पळण्याचा सराव करत होती. खासदार हॅट हातात घेऊन पाहत होते. मला थांबायचं होतं, पण माझं बोलणं त्यांना कितपत परवडतं हे मला एव्हाना ठाऊक झालं होतं. मी रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने गेलो. बोलायला हवं होतं तेव्हा मात्र गप्प बसलो, हेही माझ्याच खात्यावर.

पुढे यीस्टने मला सोडलं, की मी यीस्टला, यावर आमच्या घरात एकमत नाही. तोक्योत तोयोसूला एका कंपनीत नोकरी मिळाली. समुद्र भरून केलेली सपाट जमीन, काचेचे मनोरे. चढाची तक्रार करायला जागा नाही आणि शेजारी कोण राहतं याचा पत्ता नाही. खासदार थंडीत न्यूमोनियाने गेल्याचं केइको-साननी मेधाला कळवलं. तोक्योत झालेली आमची मुलगी तेव्हा तापाने फणफणलेली, म्हणून मेधा थांबली आणि मी एकटा शिनकानसेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, कोबेला अंत्यविधीला गेलो.

अख्खी गल्ली आली होती. कुत्र्याची मालकीण, इंग्रजीच्या काकू, सर्दी झालेले इशिदा-सानसुद्धा. फुलांच्या मध्ये खासदारांचा हॅट घातलेला फोटो होता. मी उदबत्तीची पूड चिमटीने कपाळाला लावून निखाऱ्यावर सोडली. केइको-सान मला म्हणाल्या, "लांबून आलात." मी म्हणालो, "हाय." 

नंतर शेजारच्या खोलीत चहा होता. मोरिता-सान चाचपडत माझ्या शेजारी येऊन बसले. त्यांना आता जवळजवळ दिसत नव्हतं. मला वाटलं, आपण बोललं पाहिजे. सेन्सेई किती मोठे होते, गल्लीवर त्यांचं किती प्रेम होतं, त्या सभेत माझा कसा गैरसमज झाला, आमच्या पुण्याकडे सोसायटीचा सेक्रेटरी कसा निवडतात, माझे वडील, त्यांचं ब्लडप्रेशर. क्रियापदं पुन्हा आपापल्या जागी जाऊन बसू लागली. मोरिता-सान कप दोन्ही हातांत धरून ऐकत होते. चहा निवला तरी मी बोलतच होतो. शेवटी माझं सगळं सांगून झालं.

मोरिता-साननी कप खाली ठेवला.

"आम्ही तिसऱ्यांदा विचारणारच होतो," ते म्हणाले. "तुम्ही श्वास घेतला असता तर."